प्लेटवर न उगवलेले जग

१७ सप्टेंबर १६८३ रोजी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडव्यापाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. दातांवरचे कीटण पाण्यात कालवून, स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरल्यावर त्यात असंख्य जिवंत, हलणारे जीव दिसले, असा त्यातला मजकूर होता. अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांच्या त्या पत्राच्या स्मरणार्थ १७ सप्टेंबर हा सूक्ष्मजीव दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत भित्तिपत्रके लागतात, व्याख्याने होतात आणि दिवस संपतो. यंदा या दिवशी एका हयात शास्त्रज्ञ स्त्रीच्या कामाकडे थोडे थांबून पाहावे असे आम्हाला वाटते, कारण लेव्हेनहूक यांनी उघडलेले दार तिने आणखी बरेच रुंद केले आहे. शिवाय ते काम ज्या रीतीने झाले, त्या रीतीची आपल्या राज्याला तातडीची गरज आहे.

लेव्हेनहूक यांच्या नावाने नेदरलँड्समध्ये १८७७ पासून एक पदक दिले जाते, साधारण दहा वर्षांतून एकदा. लुई पाश्चर यांना ते मिळाले, मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास घडवणाऱ्या बायरिंक आणि विनोग्रॅडस्की यांना मिळाले, स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या वाक्समन यांनाही मिळाले. २०२३ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जिल बॅनफिल्ड यांना देण्यात आले. त्या यादीतल्या त्या पहिल्या स्त्री. आणि शिक्षणाने त्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नव्हत्याच. त्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिक होत्या.

त्यांच्या कामाचे मोल समजायचे तर आधी प्लेटची गोष्ट सांगायला हवी. १८८० च्या दशकारंभी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख जिवाणू एकेकटे वेगळे करून वाढवण्याच्या खटपटीत होते. बटाट्याचे काप वापरून झाले, जिलेटिन वापरून झाले. पण जिलेटिन उबेत पातळ होई आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकत. त्यांच्या एका सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेस स्वयंपाकघरात जेली घट्ट करायला समुद्रशेवाळापासून मिळणारे अगर वापरीत असत. त्यांनी ते सुचवले. पुढचे शतकभराचे वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र या अगरच्या प्लेटवर उभे राहिले. आजही बी.एस्सी.चा विद्यार्थी पहिल्या वर्षी प्लेट ओतायला शिकतो. फॅनी हेस यांचे नाव मात्र तो क्वचितच ऐकतो.

प्लेटने जे दिले ते अफाट होते. पण तिने एक सवयही लावली. जे उगवते तेच आहे, असे मानण्याची. तळ्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मोजला तर जितक्या पेशी दिसतात, तितक्या वसाहती प्लेटवर कधीच येत नाहीत. माती आणि पाणी यांच्या बाबतीत तर बहुधा शंभरांत एकही येत नाही. उरलेल्यांना आपण वाढलेला आहार मानवत नाही. एखाद्याला शेजारी हवा असतो, एखाद्याला प्राणवायू नकोसा असतो, आणि एखादा इतका सावकाश वाढतो की विद्यार्थ्याची पदवी त्याच्या आधी पूर्ण होते. हे सर्वांना माहीत होते. तरी पाऊणशे वर्षे ते फारसे कोणी मनावर घेतले नाही, कारण जे उगवत नाही त्याला ओळखायचे साधनच नव्हते.

ते साधन अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोझ यांनी घडवले. प्रत्येक सजीव पेशीत प्रथिने बनवणारी यंत्रणा असते आणि तिच्यातला रायबोसोमचा आरएनए पिढ्यान्‌पिढ्या फार हळू बदलतो. त्याच्या अक्षरांची तुलना केली की कोण कोणाच्या किती जवळचा हे कळते. १९७७ साली वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की, मिथेन तयार करणारे जे सूक्ष्मजीव सगळे जण जिवाणूंत मोजत होते, त्यांचे कूळ वेगळेच आहे. त्यांना पुढे आर्किया हे नाव पडले. अनेक नामवंतांनी वोझ यांना उडवून लावले; मान्यता मिळायला वर्षे गेली. पुढची पायरी नॉर्मन पेस यांनी ओलांडली. आरएनएची अक्षरे वाचायला जीव वाढवायचाच कशाला, थेट चिखलातून, झऱ्यातून ती काढून वाचता येतील, असे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांतून मग अशी कुळे निघू लागली की ज्यांचा एकही प्रतिनिधी कोणी कधी पाहिला नव्हता. तरीही एकाच जनुकावरून कूळ तेवढे समजते. तो जीव खातो काय, श्वास कशाचा घेतो, शेजाऱ्याला काय देतो, यातले काही त्यातून उलगडत नाही. त्यासाठी पूर्ण जनुकसंच हवा. तो प्लेटशिवाय मिळवणार कसा, या टप्प्यावर बॅनफिल्ड आल्या.

जन्म १९५९, ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलचा. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत त्या भूविज्ञान शिकल्या. खडक झिजतो कसा, त्यातली खनिजे बदलतात कशी, हा त्यांचा विषय. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉक्टरेट करून १९९० मध्ये त्या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवू लागल्या. खनिजांच्या पृष्ठभागाकडे इतक्या जवळून पाहणाऱ्या माणसाच्या नजरेतून एक गोष्ट सुटणे शक्य नव्हते: झिजणाऱ्या खनिजावर जिवाणू चिकटलेले होते. दगड नुसते ऊन-पावसाने झिजत नव्हते, त्यात जिवंतांचा हात होता. मग त्या जिवंतांचा अभ्यास करणे भाग पडले. विषयाची वेस ओलांडली जाते ती बहुधा अशीच. समोरच्या प्रश्नामागे चालत गेले की ती कधी मागे पडते ते कळत नाही. आपल्याकडे भूशास्त्राच्या पदवीधराला सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात नोकरीचा अर्ज करायचा झाला तर त्याची पात्रताच आडवी येते. नियम करणाऱ्यांनी बॅनफिल्ड यांची वाट एकदा डोळ्यांखालून घालावी.

त्यांनी निवडलेली जागा उत्तर कॅलिफोर्नियात, रेडिंग गावाजवळ आहे. आयर्न माउंटन. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६३ पर्यंत तिथे सोने, चांदी, तांबे, जस्त, लोह आणि पायराइट खणले गेले. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचे चकचकीत खनिज. डोंगर आतून पोकळ झाला, हवा आणि पाणी आत शिरले, आणि पायराइटचे गंधकाम्ल होऊ लागले. तिथल्या रिचमंड खाणीत शास्त्रज्ञांनी मोजलेला एक सामू शून्याच्याही खाली गेला होता: उणे ३.६. निसर्गात इतके आम्लधर्मी पाणी क्वचितच कुठे नोंदले गेले असेल. हे पाणी सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात उतरून मासे मारत होते. १९८३ मध्ये अमेरिकी सरकारने आयर्न माउंटन देशातल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत घातले.

आणि त्या आम्लावर गुलाबी साय धरलेली होती. जिवंत साय. सूक्ष्मजीवांचा पातळ पापुद्रा, सामू एकच्या आतबाहेर आणि तापमान चाळिशीच्या पुढे असलेल्या पाण्यावर मजेत वाढणारा. हे आम्ल तयार होण्याला मोठा हातभार त्यांचाच होता. पाण्यात विरघळलेल्या लोहाचे ते ऑक्सिडीकरण करतात, त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. ते ऑक्सिडीकृत लोह पुन्हा पायराइटवर तुटून पडते आणि आणखी आम्ल, आणखी लोह मोकळे करते. ना सूर्यप्रकाश, ना वनस्पती. नुसत्या दगडावर चाललेला संसार. बॅनफिल्ड आणि त्यांचे विद्यार्थी संरक्षक पोशाख चढवून त्या अंधाऱ्या, दमट, गरम बोगद्यात शिरत आणि ती साय गोळा करून आणत. एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षे.

जागा भयंकर होती, पण निवड हुशारीची होती. एवढ्या आम्लात फार थोड्या जाती टिकतात आणि त्यावर सगळा प्रयोग बेतलेला होता. मिश्र वस्तीतून डीएनए काढला की हाती येतात ते लहान लहान तुकडे, कोणता कोणाचा याचा पत्ता नसलेले. आषाढीच्या वाटेवर लांब उभे राहिले तर अनेक दिंड्यांचे अभंग एकमेकांत मिसळून तुटक तुटक कानी येतात. दिंड्या चार-पाचच असतील तर जाणता कान एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी जुळवून अख्खा अभंग उभा करतो. शेकडो दिंड्या एकदम आल्या की त्यालाही ते जमत नाही. रिचमंड खाणीत दिंड्या मोजक्या होत्या. २००४ च्या आरंभी ‘नेचर’मध्ये बॅनफिल्ड यांच्या गटाचा निबंध आला. जवळपास ७ कोटी ६० लाख अक्षरे वाचून त्यांनी लेप्टोस्पिरिलम नावाचा एक जिवाणू आणि फेरोप्लाझ्मा नावाचा एक आर्किया यांचे जनुकसंच जवळजवळ पूर्ण जुळवले होते. दोन्ही थेट खाणीच्या सायीतून, प्लेटला हात न लावता. त्याच वर्षी क्रेग व्हेंटर यांनी सारगासो समुद्राच्या पाण्यातून १२ लाखांहून अधिक जनुके वाचली आणि वर्तमानपत्रांत बोलबाला त्यांचा अधिक झाला. आकडा त्यांचा मोठा होता यात शंका नाही. पण कोणते जनुक कोणाचे हे सांगता येणे अधिक मोलाचे, आणि ते खाणीत साधले, असे आमचे मत आहे.

मोल कसे, तर असे. जुळवलेल्या जनुकसंचांतून दिसले की हवेतला नायट्रोजन पकडण्याची जनुके त्या सायीत एकाच, आणि संख्येने विरळ असलेल्या, लेप्टोस्पिरिलमच्या भाऊबंदाकडे आहेत. म्हणजे बहुसंख्य वस्ती या अल्पसंख्याच्या जिवावर नायट्रोजन मिळवत असावी. मग त्यांनी आहारातून नायट्रोजनच काढून टाकला आणि खाणीतला नमुना वाढत ठेवला. ज्याला बाहेरून नायट्रोजन लागत नाही, तोच टिकला. २००५ साली तो जिवाणू प्रयोगशाळेत वेगळा झाला. जे प्लेटवर उगवत नाही ते कधीच उगवणार नाही, हा समज मागे पडला. काय वाढायचे हे जनुकसंचच सांगू लागला. प्लेट आणि जनुकवाचन हे प्रतिस्पर्धी आहेत असे मानून आपल्याकडच्या काही विभागांत जे दोन तट पडलेले दिसतात, त्यांनी हा प्रयोग मुद्दाम वाचावा.

पुढच्याच वर्षी त्याच सायीतून अतिसूक्ष्म आर्किया सापडले. ते आजवर का दिसले नव्हते? रायबोसोमचे जनुक पकडण्यासाठी सगळे जग जे ठरावीक आखूड डीएनए-तुकडे वापरत होते, ते यांच्या जनुकाला चिकटतच नव्हते. वोझ-पेस यांच्या साधनालाही आपली मर्यादा होती. जुन्या ओळखीच्या जिवांवरून बनवलेल्या साधनाने नवखा जीव हाती लागेलच असे नाही, हे बॅनफिल्ड यांना पुढे पुन्हा पुन्हा उपयोगी पडले.

याच सायीतून एक धागा बाहेर पडला आणि थेट वैद्यकाच्या दालनात गेला. त्याची कथा जगाला अर्धीच माहीत आहे. जिवाणूंच्या डीएनएत काही ठिकाणी एकच लहान मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतो. १९८७ मध्ये जपानमध्ये तो पहिल्यांदा नजरेस पडला. स्पेनमधल्या आलिकांते येथे फ्रान्सिस्को मोहिका यांना तो १९९० च्या दशकारंभी दिसला, सांता पोलाच्या मिठागरांत राहणाऱ्या, खाऱ्या पाण्याची आवड असलेल्या आर्कियांत. पुनरुक्तींच्या मधल्या जागेतला मजकूर विषाणूंचा आहे, म्हणजे ही एक प्रतिकारयंत्रणा असली पाहिजे, हे मोहिका यांनी ओळखले. पण तो निबंध छापून यायला २००५ साल उजाडले. खाणीच्या माहितीसाठ्यात बॅनफिल्ड यांना एक वेगळीच गोष्ट दिसत होती. बाकीचा जनुकसंच जवळजवळ सारखा असलेल्या पेशींत ही जागा मात्र पेशीगणिक वेगळी होती. याचा अर्थ तिथे काहीतरी अत्यंत वेगाने बदलत होते. विषाणू आणि त्यांचे यजमान यांच्यातली झटापट जणू दिनांकासह नोंदली जात होती. एकेका जिवाची शुद्ध संवर्धने घेऊन बसलेल्याला हे दिसले नसते. पूर्ण वस्ती वाचणाऱ्यालाच ते दिसले.

२००६ मध्ये बॅनफिल्ड यांनी बर्कलीत आरएनएवर काम करणारे कोण आहे ते शोधले आणि जेनिफर डाउडना यांना फोन केला. विद्यापीठाच्या ग्रंथालयाजवळच्या कॅफेत दोघी भेटल्या. या पुनरुक्त मजकुराला पडलेले क्रिस्पर हे नावही डाउडना यांनी तोवर ऐकलेले नव्हते. २००७ मध्ये दह्या-चीजच्या विरजणातल्या जिवाणूवर काम करणाऱ्यांनी ही प्रतिकारयंत्रणा आहे हे प्रयोगाने सिद्ध केले. २००८ मध्ये बॅनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने खाणीतल्या विषाणूंचे जनुकसंच या मधल्या मजकुराच्या आधारे ओळखून दाखवले. २०१२ मध्ये डाउडना आणि एमान्युएल शार्पांतिये यांनी त्या यंत्रणेचे जनुके कापायचे हत्यार केले आणि २०२० मध्ये दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०२३ च्या अखेरीस सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने परवानगी दिली.

सिकलसेल हा शब्द गडचिरोलीत, चंद्रपुरात, नंदुरबारच्या सातपुड्यात समजावून सांगावा लागत नाही. तिथल्या कितीतरी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. म्हणजे आज तरी तो त्या घरांसाठी नाही, आणि तो त्यांच्यापर्यंत आणणे हे भारतातल्या शास्त्रज्ञांचे आणि सरकारचे काम आहे. पण आणायचे ते जिथून निघाले, त्या उगमांत एक खाण आहे आणि एक मिठागर आहे. त्या दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्यांना ‘याचा उपयोग काय’ असे कोणी विचारले असते, तर सिकलसेल हे उत्तर त्यांना सुचणे शक्यच नव्हते. हा प्रश्न विचारणाऱ्या समित्या आपल्याकडे फार आहेत. संशोधनाच्या अर्जात ‘अपेक्षित सामाजिक लाभ’ हा रकाना भरताना तरुण शास्त्रज्ञ काय काय लिहितात, हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना या पद्धतीचे नुकसान वेगळे सांगायला नको.

बॅनफिल्ड तिथे थांबल्या नाहीत. कॉलोरॅडो राज्यात रायफल नावाचे छोटे गाव आहे. नदीकाठी युरेनियम शुद्ध करण्याची जुनी गिरणी होती आणि तिचा अंश भूजलात उतरला होता. तिथले पाणी गाळायला सगळे जण ०.२ मायक्रॉनची गाळणी वापरतात, कारण तिच्यातून जिवाणू जात नाहीत असे मानले जाते. औषधे निर्जंतुक करायलाही तीच वापरतात. बॅनफिल्ड यांच्या गटाने गाळून खाली आलेले पाणी टाकून दिले नाही. ते आणखी बारीक गाळणीतून गाळले, आणि त्यात जिवाणूंची मोठीच्या मोठी कुळे निघाली. २०१५ मध्ये त्यांनी यांपैकी ८ पूर्ण आणि ७८९ अर्धेमुर्धे जनुकसंच प्रसिद्ध केले. जागेवरच गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर या पेशी इतक्या लहान निघाल्या की एका ई. कोलायच्या पोटात त्यांतल्या दीडशे मावतील. अनेकांजवळ अमिनो आम्ले किंवा डीएनएचे घटक स्वतः बनवण्याची सोय नाही. दुसऱ्याला चिकटून, दुसऱ्याचे घेऊन ते जगत असावेत.

२०१६ मध्ये जीवसृष्टीचा जो नवा वंशवृक्ष त्यांच्या गटाने काढला, त्यात ३,०८३ जिवांची माहिती होती. माणूस, वड, भूछत्र, अमिबा, अगदी सगळे दृश्य जग एका कोपऱ्यातल्या डहाळीवर, आणि एक प्रचंड फांदी या प्लेटवर न उगवणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची. ती फांदी खरेच एवढी मोठी आहे का, की हे जीव झपाट्याने बदलत असल्याने ती तशी दिसते, यावर पुढे वाद झाला. सगळे मिळून एकच मोठे कूळ मानावे, अशी दुसरी वर्गवारीही रूढ आहे. वाद मिटलेला नाही. पण तो चालला आहे तो फांदीच्या जाडीवर. ती आहे, हे आता कोणी नाकारत नाही. एवढी मोठी गोष्ट २१ व्या शतकापर्यंत आपल्या पायाखाली, विहिरीच्या पाण्यात राहून गेली, हे मनाला हलवून सोडणारे आहे.

अलीकडे त्यांच्या गटाला कॅलिफोर्नियातल्या दलदलीच्या मातीत डीएनएचे लांबलचक सरळ धागे मिळाले. मिथेन खाणाऱ्या आर्कियांत राहणारे आणि इतरांची जनुके आपल्यात सामावून घेणारे हे धागे. त्यांना ‘बोर्ग’ असे नाव दिले आहे. ते नेमके काय करतात हे अजून उलगडायचे आहे. गायीच्या पोटातल्या मिथेनवर जनुकसंपादनाने काही करता येईल का, यासाठीही २०२३ मध्ये बर्कलीच्या संस्थेला सात कोटी डॉलरचा मोठा निधी मिळाला.

आता आपल्याकडे. रिचमंड खाणीचा सामू एकच्या खाली. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारचा दहाच्या वर. बसाल्टमध्ये अशनीच्या आघाताने झालेले, १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, त्यात खारे आणि अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या उन्हाळ्यात, हे पाणी गुलाबी झाले. बातमी जगभर गेली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. कारण निघाले ते मिठाची आवड असलेल्या आर्कियांचे रंगद्रव्य: पाणी कमी झाले, क्षार वाढले आणि त्यांची संख्या फोफावली. मोहिका यांना सांता पोलाच्या मिठागरात भेटले होते, त्यांचेच हे गोत्र.

उत्तर चांगले होते आणि लवकर मिळाले. आपल्या शास्त्रज्ञांचे ते श्रेय आहे. लोणारच्या सूक्ष्मजीवांची डीएनएवरून ओळख पटवण्याचे काम पुण्यातल्या संशोधकांनी २००६ मध्येच प्रसिद्ध केले होते. देशातल्या मोठ्या सूक्ष्मजीव संग्रहांपैकी एक पुण्यातच, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे (एनसीसीएस) आहे. माणसे आहेत, हात कसलेले आहेत. पण गुलाबी पाण्याच्या आदल्या वर्षी, त्याच्याही आदल्या वर्षी, त्याच जागी त्याच महिन्यात कोण राहत होते? आणि रंग गेल्यावर त्यांची जागा कोणी घेतली? अशा प्रश्नांची उत्तरे तीन वर्षांच्या प्रकल्पातून मिळत नाहीत. प्रकल्प मंजूर होतो, विद्यार्थी येतो, दोन मोसमांचे नमुने घेतो, प्रबंध लिहितो आणि निधी संपतो. पुढचा प्रकल्प दुसऱ्या गावाला. दरम्यान सरोवर बदलत राहते. गावाचे सांडपाणी आत जाण्याचा प्रश्न कित्येक वर्षे न्यायालयात घोळतो आहे, पाण्याची पातळी कधी खाली जाते, कधी काठावरच्या कमळजा देवीच्या देवळाकडे सरकते. दर फेऱ्यात काही वस्त्या नाहीशा होत असतील. त्यांची नावेही आपल्याला कळलेली नसतील.

हे आपल्याला जमणार नाही असे मात्र कोणी म्हणू नये. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात एकाच ठिकाणी १९९७ पासून नोंदी घेण्याचे व्रत चालवले आहे. पावसाळ्यानंतर दर वर्षी किनाऱ्याजवळच्या पाण्यात प्राणवायू किती घटतो, नत्राचे काय होते, हे आज जगाला माहीत आहे ते अशा चिकाटीमुळे. एका भारतीय संस्थेने खवळलेल्या समुद्रात जे केले, ते विवराच्या कडेपर्यंत डांबरी रस्ता असलेल्या सरोवरात करणे कठीण नाही. लोणारच्या जोडीला कोकणातले उन्हवऱ्याचे आणि राजवाडीचे गरम झरे घेता येतील, वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे घेता येतील, गोव्यातल्या बंद पडलेल्या लोहखाणींत साठलेले पाणी घेता येईल.

लागते ते असे: सरोवरातल्या चार-पाच ठरावीक जागा, वर्षातून ठरावीक चार वेळा घेतलेले पाणी आणि गाळ, सोबत सामू, क्षार, तापमान यांची नोंद, प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग उणे ८० अंशांवर जपून ठेवणे, म्हणजे वीस वर्षांनी अधिक चांगले तंत्र आले की तो पुन्हा वाचता येईल, वाचलेली अक्षरे सर्वांना खुली, आणि हे करणारा एक कायम पगारी माणूस, ज्याची नोकरी प्रकल्पाबरोबर संपत नाही. जनुकवाचनाचा खर्च २००४ च्या मानाने इतका उतरला आहे की त्याची सबब आता चालणार नाही. नीरी नागपुरात आहे, आघारकर आणि एनसीसीएस पुण्यात आहेत, आणि बुलडाणा जिल्हा तर अमरावती विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात येतो. राज्याच्या अर्थसंकल्पात लोणारच्या विकास आराखड्याला पैसा मिळतो तेव्हा पायऱ्या, वाहनतळ, माहितीफलक यांची तरतूद होते. त्यातच या नोंदींसाठी दहा वर्षांची, दर वर्षी नव्याने मागावी न लागणारी तरतूद राज्य सरकारने करावी, आणि पहिले नमुने यंदाच्या हिवाळ्यातच घेतले जावेत.